बाजूला काढलेला कोंबडा

परवा एक गृहस्थ दारात उभे राहिले. पायांत चांगले बूट, हातात रिकामी टोपली. मला म्हणाले, "कोंबडीवाल्या बाईंचं घर हेच का? आपण त्यांचे कोण?"

एकतीस वर्षं मी याच रस्त्यावर घड्याळं दुरुस्त केली. अर्ध्या गावाची मनगटं माझ्या ओळखीची आहेत. आणि आता मी 'त्यांचे कोण'. म्हटलं, नवरा आहे, बसा. ते बसले आणि तासभर बसूनच राहिले, कारण आमची ही अंगणात एका कोंबडीच्या पोटाखाली बोटं घालून उभी होती. ते काम चालू असताना कितीही मोठा साहेब आला तरी ती मान वर करत नाही. पहिली काही वर्षं मी दुकानात कोंबड्यांचा विषयच काढत नसे. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आता माझ्या दुकानात घड्याळाला सेल घालायला आलेला माणूसही आधी अंडी मिळतील का ते विचारतो. मी चिडून उत्तर देतो, पण खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटतं.

मी तिला 'आमची ही' म्हणतो. चाळीस वर्षांच्या संसारात दुसऱ्या नावाची गरज पडली नाही. मी 'अगं' म्हटलं की ती वळते, ती 'अहो' म्हणाली की मी दचकतो. ती शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि कापायचं टेबल, मधल्या खोलीत आम्ही दोघं, आणि मागे अंगणात खुराडी. तिला समोरचा माणूस दिसत नाही, माप दिसतं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'याचा डावा खांदा उतरता आहे' एवढंच तिच्या मनात आलं होतं. हे तिने लग्नानंतर सांगितलं, म्हणून संसार टिकला.

कोंबड्या आल्या तिच्या मामांकडून. ही नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून मामांनीच तिला वाढवलं. मामा पोस्टमन. सकाळी पत्रं, दुपारी कोंबड्या. हा वाण मामांच्या वडिलांपासूनचा, राखाडी पिसांचा, लाल तुऱ्याचा. हल्ली बाजारात दोनच प्रकार. एक लेअर, ती भरपूर अंडी देते आणि शेवटी शिजवायला घेतली तर पातेल्यात हाडं वाजतात. दुसरा ब्रॉयलर, तो सहा आठवड्यांत गोळा होतो, पण त्याच्याकडून अंड्याची आशा करू नये. मामांची कोंबडी दोन्हीची. वर्षभर अंडी देणार, आणि तिचा भाऊ ताट भरणार. निदान मामा तसं सांगायचे. त्यांच्या वडिलांचा कोंबडा म्हणे चार किलोच्या वर भरायचा. आम्ही मान डोलवायचो आणि मागे हसायचो. म्हाताऱ्यांच्या तोंडी जुन्या काळातलं सगळंच मोठं असतं.

कारण आम्हाला दिसत होता तो कोंबडा जेमतेम अडीच किलोचा. बारा वर्षांपूर्वी मामांनी सहा कोंबड्या आणि असा एक कोंबडा हिच्या हवाली केला. म्हणाले, माझ्याकडे थोडे राहतील, पण माझ्यानंतर कोण बघणार, तू बघ. हिने ते शब्द असे घेतले की जणू मामांनी तिला घर लिहून दिलं. त्याच आठवड्यात मला म्हणाली, मी यांना परत मोठं करणार. अंडीही वाढवणार आणि वजनही.

मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, अंड्यांच्या मागे लागलात तर वजन जातं आणि वजनाच्या मागे लागलात तर अंडी जातात, एक काहीतरी धरा. मी घरी येऊन ऐकवलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्यांचीच गोधडी होते," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. मशीन सुरू झालं की आमच्या घरात चर्चा संपते.

तिची पद्धत सगळी हाताची. कोंबडी काखेत घ्यायची, मागच्या बाजूला दोन नाजूक हाडं असतात त्यांच्यामध्ये बोटं ठेवायची. दोन बोटं बसली तर अंडी देते आहे, तीन बसली तर चांगली देते आहे, एकच बसलं तर खाऊन पिऊन मजेत आहे. कोंबड्याच्या छातीचं हाड चाचपायचं. हाड सुरीसारखं लागलं तर मांस नाही, दोन्ही बाजूंनी भरलं असेल तर आहे. हे सगळं मामांनी लहानपणी शिकवलेलं. पण कोणतं अंडं कोणत्या कोंबडीचं, ते हाताला कळत नाही. तिथे मी लागलो. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग काढून मी खोक्याला असं दार बसवलं की कोंबडी अंडं घालायला आत शिरली की दार मागून हळूच मिटतं. मग ही जाते, कोंबडी काढते, तिच्या पायातल्या दोऱ्याचा रंग बघते, प्रत्येकीचा वेगळा, आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत टिपून ठेवते. अशी बारा खोकी मी केली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं माझा भाऊ माझ्याबद्दल म्हणाला. म्हणू दे. त्या दाराला अजून तेलाचा दुसरा थेंब लागलेला नाही.

एवढं करूनही पहिली तीन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. अंडी थोडी वाढली, कोंबडे मात्र होते तसेच, किंबहुना थोडे बारीकच. ही वहीत डोकं घालून बसायची आणि माझ्यावर खेकसायची. मग एकदा माझा तोच भाऊ जेवायला यायचा होता. मामांच्या घरचा नियम हिने आमच्याकडेही आणलेला होता, की पाहुण्याला सगळ्यात मोठा. मामांचा त्यात फार जीव. 'आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्या नंबरचा कोंबडा कधी मिळाला नाही' हे ते छाती काढून सांगायचे, आणि गावही त्यांना त्यासाठीच ओळखायचं. तर ही सकाळी अंगणात गेली, सगळे चाचपले, मोठा काढला, आणि तो काखेत घेऊन उभीच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी विचारलं, काय झालं, किल्ली संपली का?

"अहो," ती म्हणाली, "मोठा कोण हे आपण पाहुणा आला की शोधतो. सापडला की कापतो. मग पिलं कुणाची होतात?"

मी म्हटलं, "उरलेल्यांची."

  आम्हा दोघांना एकदमच दिसलं. मामांनी साठ वर्षं दर पाहुण्याला सगळ्यात मोठा वाढला होता, आणि दर वेळी जो राहिला त्याच्यापासून वाण पुढे चालवला होता. कुणाचा काही दोष नव्हता, रोग नव्हता, खाण्यात कमी नव्हतं. पाहुणचाराने कोंबडा खुजा केला होता. आणि वडिलांच्या कोंबड्याबद्दल मामा खरंच बोलत होते, आणि आम्ही हसत होतो.

त्या दिवशी भावाला बारका कोंबडा मिळाला. त्याने तो प्रकार सगळ्या नातेवाइकांत पोहोचवला. पण त्या दिवसापासून अंगणात नरांच्या पायांतही दोरे आले, दोन रंगांचे. जास्त अंडी देणाऱ्या आईच्या पोटचा, आणि वर वजनातही मोठा, अशा कोंबड्याला लाल दोरा. तो कापायचा नाही, दारात कोणीही येवो. बाकीच्यांना पांढरा दोरा, ते ताटात. शिंपिणीला कापड कळतं. चांगला कपडा गिऱ्हाइकाला देऊन घरात उरल्यासुरल्या तुकड्यांची चड्डी शिवायची, हे ती आयुष्यभर करत आली होती. कोंबड्यांच्या बाबतीत तिने ते उलटं केलं.

आठ वर्षं लागली. मी इथे एका ओळीत लिहितो आहे, पण त्यात आठ वेळा खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसल्या, एकवीस-एकवीस दिवस आम्ही श्वास धरला, एकदा साथ आली, एकदा खुराड्यात पाणी शिरलं. खुडूक कोंबडी बसलेली असली की ही लांब कुठे जायची नाही. भाच्याच्या मुलाला बघायला गेली नाही, माझ्या बहिणीशी त्यावरून सहा महिने अबोला होता. दर वर्षी वजन थोडं थोडं चढत गेलं. आणि आठव्या वर्षी एक कोंबडा झाला. त्याच्या आईने आदल्या वर्षी एकशे नव्वद अंडी घातली होती, आणि तो स्वतः नऊ महिन्यांचा झाला तेव्हा काट्यावर चार किलो दीडशे ग्रॅम. मी काटा बिघडला असेल म्हणून खोलून पाहिला. काटा ठीक होता.

त्याचे आणखी दोन लाल दोऱ्याचे भाऊ होते. ते महिन्याभरात भटक्या कुत्र्याने मारले. त्यांचा बाप म्हातारा झालेला, त्याच्यापासूनच्या अंड्यांतून पिलं निघेनाशी झालेली. म्हणजे राहिला हा एकटा. हा गेला असता तर आठ वर्षं गेली असती, आणि ही तेव्हा चौसष्ट वर्षांची. पुन्हा आठ वर्षं कुठून आणणार? म्हणून हिने त्याला कोपऱ्यातल्या वेगळ्या खुराड्यात ठेवला आणि दाराला कडी घातली.

नेमके तेव्हाच मामा आले. शहाऐंशी वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड आणि अंधार एवढंच कळणारे. डोळ्यांचे डॉक्टर आमच्या गावात, म्हणून चार दिवस राहणार होते. मी हिला म्हटलं की मामांना पांढऱ्या दोऱ्याचा वाढणार असशील तर मी जेवायला बसणार नाही. ज्यांनी तुला वाढवलं, ज्यांनी कोंबड्या दिल्या, त्यांना चिल्लर? ती म्हणाली, मोठा कापणार नाही. मी म्हटलं, मग त्यांना खरं कारण सांग. त्यावर तिचा आवाज खाली आला.

"ते कसं सांगू?" ती म्हणाली. "त्यांच्या आयुष्यात अभिमानाची एकच गोष्ट आहे. तीच चूक होती म्हणून सांगू?"

तेव्हा ठरलं असं, की बारकाच शिजवायचा, तुकडे करून वाढायचा, मामांना दिसत नाहीच, आणि गप्प बसायचं. आमच्या दोघांच्या संसारात ठरलेल्या गोष्टींचं जे होतं तेच याचं झालं.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "पोरी, मोठा बाजूला काढलास ना?"

हिला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "हो मामा. बाजूलाच काढलाय."

शब्द खरा होता. हिच्या मनात 'बाजूला काढला' म्हणजे जपून ठेवला, आणि मामांच्या मनात 'बाजूला काढला' म्हणजे उद्याच्या जेवणाला. मला तेव्हाच हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जिरलं.

सकाळी ही एक कोट पोहोचवायला गेली. मी दात घासत मागच्या दाराशी आलो तर मामा अंगणात पाटावर बसलेले. आयुष्यभराची सवय. पाहुणे असले तरी भाचीच्या घरी ते बापाच्याच नात्याने वागायचे, आणि कोंबडा कापायचं काम त्यांचं. भिंतीला हात लावत लावत ते कोपऱ्यातल्या खुराड्यापर्यंत गेले होते, कडी काढली होती, आणि बाजूला काढलेला कोंबडा पाय बांधून मांडीवर घेतला होता. शेजारी सुरी. लाल दोरा त्यांना दिसणार कुठून?

मी ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. कारण मनात एक वाईट विचार येऊन गेला, की होऊन जाऊ दे, मामांचा मान राहील आणि माझ्यावर काही येणार नाही. तोंडात ब्रश होता ही सबब मी नंतर हिला सांगितली. तुम्हाला खरं सांगतो.

मामांनी सुरी उचलण्याआधी नेहमीप्रमाणे छाती चाचपली, आणि त्यांचा हात थांबला. मग दोन्ही हातांनी चाचपली. मांड्या पाहिल्या, पाठ पाहिली, पंखांखाली हात घातला. परत छातीवर आले. कोंबडा शांत होता, तो हिच्या हाताखाली रोजच जायचा.

"जावईबापू," ते म्हणाले, "हा कुणाकडून आणलात?"

मी चूळ भरली आणि म्हटलं, घरचाच आहे. ते म्हणाले, उगाच काहीतरी सांगू नका. तेवढ्यात ही आली. पिशवी खांद्यावर, चपला पायांत, तशीच दारात थांबली. तिने आधी सुरी पाहिली, मग मामांचे हात, मग मला. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही. मग ती मामांच्या समोर खाली जमिनीवर बसली.

मामा म्हणाले, "हा माझ्या बापाचा कोंबडा आहे. मी सात वर्षांचा होतो, तेव्हा असा धरला होता. त्यानंतर आज."

"तुम्ही दिलेल्या सहांतूनच झालाय, मामा."

"मग माझ्याकडे का नाही झाला?"

मी मागून मान हलवली, नको सांगू. दाणे, हवा, पाणी, नशीब, शंभर कारणं देता आली असती. तिलाही ती येत होती. तिने मामांच्या हातावर हात ठेवला, आणि मला त्या क्षणी तिची भीतीही वाटली आणि अभिमानही. आजवर मी इतकं अवघड वाक्य कुणाला सांगू शकलो नाही.

"मामा, तुम्ही दर वेळी मोठा पाहुण्याला वाढलात," ती म्हणाली. "जो उरला त्याची पिलं झाली. मी मोठा कापला नाही. एवढंच केलं."

 मामांचा अंगठा कोंबड्याच्या छातीच्या हाडावरून मागेपुढे फिरत होता. मला वाटलं आता रागावतील, किंवा रडतील, आणि दोन्ही आमच्याच्याने बघवणार नाही.

"चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरी टाकलं नाही मी," शेवटी ते म्हणाले. "आणि घरच्या घरात हे."

ही म्हणाली, "पण वाण तुम्हीच टिकवलात. नाहीतर मी मोठं कशाला केलं असतं?"

ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. कोंबड्याच्या पायाची गाठ ते चाचपू लागले. ही सोडायला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. मीच बांधलाय, मीच सोडतो म्हणाले. गाठ सुटायला वेळ लागला. सुटली तेव्हा कोंबडा उठला, अंग झटकलं, मामांच्या अंगावर धूळ उडवली आणि आपला चालू लागला. त्याला कशाचं काही नव्हतं.

मग मामांनी विचारलं, "मग आज मला काय वाढणार आहेस?"

"सगळ्यात लहान," ही म्हणाली.

"वाढ," मामा म्हणाले, आणि हसले. इतके हसले की खोकला लागला, आणि मी पाणी आणायला पळालो, कारण मलाही तिथून जरा जायचंच होतं.

त्या लहानाला हिने मंद आचेवर दोन तास शिजवला. मामांनी सावकाश खाल्लं, हाडं चोखून ताटाच्या कडेला ठेवली, आणि म्हणाले की चव तीच आहे. माझ्यासारख्या माणसाला वजन कळतं, कारण ते काट्यावर दिसतं. चव टिकली हे सांगायला मामाच हवे होते. त्या एका वाक्यावर ही पुढचे चार दिवस मशीनवर गुणगुणत होती, आणि कपड्यांच्या बाह्या उलट्या लावत होती.

डोळ्याचं काम झालं, मामा परत गेले. जाताना त्यांनी अंडी मागून घेतली. भुशात गुंडाळून, डबा मांडीवर धरून बसमध्ये बसले. बारातून सात पिलं निघाली, त्यांतले दोन नर. यातला मोठा कोण हे मामा दर आठवड्याला चाचपून फोनवर सांगायचे, आणि ही वहीत लिहून ठेवायची, आपलाच असल्यासारखा.

गेल्या महिन्यात फोन मी उचलला. मामा म्हणाले की काल त्यांच्याकडे पाहुणे आले होते, जुन्या पोस्टमास्तरांचे चिरंजीव, बायकोसह, लांबून, मुद्दाम भेटायला. मोठा समोरच अंगणात फिरत होता. पाहुण्यांनी तो पाहिला, कौतुकही केलं.

"मग?" मी विचारलं.

"मी अंडी वाढली," मामा म्हणाले.

मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, मामा, लाज वाटली का?

"वाटली ना. जेवणं होईपर्यंत मान वर केली नाही मी." मग म्हणाले, "पण तिला सांगा, कोंबडा आहे."

मी पुढच्या खोलीत गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. तिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं.